पन्हळ कसली बसवायची

५ तारीख, सोमवार

आज मागच्या पन्हळीत हात घातला. लिहायलाही नको वाटतं, पण या वहीत खरं तेच लिहायचं ठरवलं आहे, तर सुरुवात इथूनच व्हायला हवी.

छपराच्या कडेने जी पत्र्याची पन्हळ आहे, तिच्यातलं पाणी कोपऱ्यातल्या, खाली उतरणाऱ्या नळाकडे जायला हवं. ते जात नाही. ते स्वयंपाकघराच्या भिंतीवरून उतरतं. त्या भिंतीला टेकलं की पाठीला चुना लागतो आणि कपड्यांना ओल्या फडक्यासारखा वास येतो. भिंतीच्या पलीकडे शिंपीणकाकूंची खोली. त्यांनी शिवायला घेतलेली लोकांची कापडं त्या भिंतीला लागून रचलेली असतात. त्या अजून काही बोलल्या नाहीत, म्हणजे त्या चांगल्या आहेत, ओल तिकडे गेली नाही असं नव्हे.

शिडी लावून वर गेले. कुजलेल्या पानांचा काळा, चकचकीत चिखल, त्यात केसांसारखे धागे, आणि वरच्या बोटभर पाण्यात अळ्या. मी मूठ भरून चिखल काढला तर हाताला पंख लागला. ओढला तर पंखामागून बाकीचं कबुतर आलं, निम्मं. चार वेळा साबणाने हात धुतले. वास नखांतच राहिला आहे. जेवताना डाव्या हाताने जेवले.

जेवताना बाबा म्हणाले, "ही पन्हळ गेली. नवी बसवायची. कसली बसवायची ते तू ठरव."

मी म्हटलं, "मी?"

"घरात शिकलेलं दुसरं कोण आहे? मला पत्रा सोडून काय कळतं."

बाबा बत्तीस वर्षं पत्र्याचं काम करतात. पन्हळी, नळ, डबे, धुराडी. आमच्या गल्लीतल्या सात घरांना त्यांच्या हातच्या पन्हळी आहेत. या माणसाने आजवर कोणाला एक खिळा निवडू दिला नाही. आणि आज मला हे विचारलं. आईने मान खाली घालून ताट पुढे सरकवलं. तिलाही भरून आलं असावं.

पदवीचा कागद मिळून तीन महिने झाले, नोकरीचे सतरा अर्ज झाले, पण शिकल्याचा मान मला आज पहिल्यांदा मिळाला.

६ तारीख, मंगळवार

निर्णय पुराव्यावर घ्यायचा. कोणाच्या सांगण्यावर नाही, बाबांच्या प्रेमापोटीही नाही.

चार पर्याय. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा: मजबूत, पण मुलामा झिजला की गंज. अल्युमिनियम: गंजत नाही, पण ओल्या चुन्याला टेकलं की चुना त्याला खातो, आणि शिडी टेकली तरी पोचा येतो. प्लास्टिक: गंज नाही, सांध्याला फक्त रबरी पट्टी, पण उन्हाने ठिसूळ होतं. तांबं: सगळ्यांत टिकाऊ. मात्र आमचा कोपऱ्यातला नळ जस्ती आहे, तांब्यावरून वाहिलेलं पाणी त्यात गेलं तर नळाची चाळण होईल. शिवाय तांबं आपल्याला परवडत नाही. हे कारण मी शेवटी लिहिलं, खरं ते पहिलं आहे.

दुपारी बाजारातल्या मोठ्या दुकानात गेले. दुकानदार काडीने दात कोरत बोलत होता आणि जे निघेल ते बघून पुन्हा तोंडात टाकत होता.

"अल्युमिनियम घ्या ताई. आयुष्यभर टिकतं."

"कोणाच्या?"

"अं?"

"कोणाच्या आयुष्यभर? वर्षं सांगा ना."

"ताई, तुम्ही घ्यायला आलात का परीक्षा घ्यायला?"

बाजूचे दोघे हसले. मी तुकडे मागितले, प्रत्येकी वीतभर. त्याने तीच काडी कानामागे खोचली आणि कापून दिले. तुकडे मी रुमालात धरून आणले.

आता प्रयोग. पन्हळीतला तोच चिखल चार बरण्यांत भरायचा, प्रत्येकीत एक तुकडा, आणि रोज नोंद.

आई म्हणाली, "माझ्या बरण्या?"

"नंतर धुऊन देते."

"नंतर त्यात मी काय ठेवणार, सांग बरं. तुझी पदवी?"

९ तारीख, शुक्रवार

बरण्या माझ्या खिडकीत आहेत. घरभर वास सुटला आहे. झाकण काढलं की नाकात आधी अंड्यासारखं काहीतरी शिरतं आणि मग गोडसर. हा गोडसरपणाच सहन होत नाही. अल्युमिनियमवर पांढरी साय, तांब्यावर हिरवी कड, प्लास्टिक जसंच्या तसं आणि म्हणूनच मला त्याचा राग येतो. निर्जीव, गुळगुळीत, कशाचंच काही न वाटणारं.

जस्ती पत्र्याच्या नुसत्या तुकड्यावर प्रयोग करणं मात्र अन्याय आहे असं लक्षात आलं. पन्हळ म्हणजे नुसता पत्रा नव्हे, तिचे सांधेही आले. म्हणून बाबांना म्हटलं, "मला हातभर पन्हळ करून द्या. दोन्ही टोकं बंद, मध्ये एक सांधा. तिच्यात चिखल भरून ठेवते."

बाबा म्हणाले, "कशाला? पत्रा तुझ्या माहितीतला आहे."

"पुरावा नको का?"

"हं. पुरावा." त्यांनी कप जवळ ओढला, कडेवर बोट ठेवलं आणि चहा ओतला. बोटाला चटका बसेपर्यंत ओतला. ही त्यांची नवी सवय. मला अस्वच्छ वाटते, पण बोलले नाही.

१३ तारीख, मंगळवार

हातभर पन्हळीला चार दिवस लागले. पूर्वी बाबा अशा पाच करून मग नाश्त्याला बसत. मला वाटतं त्यांना अपमान वाटतो आहे. बत्तीस वर्षांच्या कामाची पोरीने परीक्षा घ्यावी, हे कोणाला आवडेल? पण सत्यापुढे कोणाची भीड नको, हे मला त्यांनीच शिकवलं.

काम करताना मागच्या खोलीचं दार बंद होतं. आत आई होती. तिला तिथे काय काम? सांधा जोडायचं कथील वितळल्याचा वास आला, मग आईचा आवाज, "थोडं डावीकडे. अजून. हां." आणि मग बाबा चिडून, "कळतंय मला."

पन्हळ हातात आली तर तिच्यावर खडूच्या जाड, पांढऱ्या रेघा. बाबा खिळ्याच्या टोकाने रेघ मारत, केसाएवढी, काम झाल्यावर शोधून सापडायची नाही अशी. या रेघा आईच्या. तिच्या अक्षरासारख्याच वेड्यावाकड्या. बाबांनी तिला आपल्या कामात असं लुडबुडू कसं दिलं कळत नाही. म्हातारपणी माणसं कामातला नेटकेपणा सोडतात, हे पुस्तकात वाचलं असतं तर पटलं नसतं.

चिखल भरला आणि खिडकीत ठेवली.

१४ तारीख, बुधवार

सकाळी उशी ओली लागली. गाल ओला, कान ओला. डोळे उघडले तर पन्हळीच्या सांध्यातून काळा थेंब धरत होता आणि माझ्या उशीवर पडत होता. केसांत तो चिखल गेला होता. कानातही. मी ओरडलेसुद्धा नाही, तोंड उघडलं तर आत जाईल अशी भीती वाटली. न्हाणीत बसून उलटी केली.

एका रात्रीत गळली. बाबांचा सांधा एका रात्रीत गळत नाही. म्हणजे पत्राच खोटा.

तशीच पन्हळ पिशवीत घालून पत्रेवाल्याकडे गेले. हा बाबांना वीस वर्षं पत्रा देतो. जाड माणूस आहे, गल्ल्यावर बसतो आणि मला लहानपणापासून चिडवतो.

"या ग्रॅज्युएट. काय वास आणलाय बरोबर."

मी पन्हळ त्याच्या पुढ्यात ठेवली. "हा कसला पत्रा दिलात तुम्ही माझ्या बाबांना?"

त्याने ती उचलली, नळाखाली धुतली, पाणी भरून उजेडात धरली. बराच वेळ धरली. मग म्हणाला, "पत्रा नाही गळत. सांधा बघ. कथील एकीकडे आहे आणि घडी दुसरीकडे."

"बाबांचा सांधा?"

तो पन्हळ पुसत राहिला. पुसून झाल्यावरही पुसत राहिला. मग आतून एक नवा पत्रा आणला, गुंडाळून दोरी बांधली आणि म्हणाला, "हा ने. बाबांना सांग, जुना पत्रा खराब होता, शेठ म्हणाले चूक आमची."

आत्ता म्हणाला पत्रा चांगला, आणि लगेच म्हणतो चूक आमची. माल खराब असल्याशिवाय कोण असा फुकट पत्रा हातात देतो? मी म्हटलं, "मला लाच नको. खरं काय ते सांगा."

"तू घरी जा पोरी," तो म्हणाला. चिडवलं नाही. ते मला जास्त ओंगळ वाटलं.

१५ तारीख, गुरुवार

आज सांधा भिंगाखाली पाहिला. पत्रेवाला खरं बोलत होता. कथील घडीच्या बाजूला, रेघ चुकून, गोळे गोळे होऊन पडलं आहे. शिकाऊ माणसाचं काम.

बाबांपुढे पन्हळ धरली. "हे तुम्ही केलंत?"

त्यांनी पन्हळीकडे बघितलं नाही. माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी बघत हात पुढे केला आणि सांध्यावरून बोट फिरवलं.

"कुठे गळतंय?"

"हे काय, समोर भोक आहे. दिसत नाही का?"

"दिसतंय की."

"मग असं कसं झालं?"

"झालं खरं." एवढंच. हात पुसून बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

मला काय वाटलं ते लिहिते, मग याची लाज वाटली तरी चालेल. मला किळस आली. चिखलाची नाही, त्यांची. ज्या माणसाने मला शिकवलं की उलट्या बाजूचा, कोणी न बघणारा सांधासुद्धा सरळ हवा, तो माणूस भोक समोर धरल्यावर 'झालं खरं' म्हणतो. बघूनही न बघितल्यासारखं करतो. आईने संध्याकाळी माझ्याशी बोलणं टाकलं. ताट ठेवलं, ते आपटून.

१८ तारीख, रविवार

दोन दिवस काही लिहिलं नाही. घरात कोणी कोणाशी बोलत नव्हतं, लिहिणार काय?

मग ठरवलं, एका सांध्यावरून माणसाचा निकाल लावायचा नाही. गल्लीत सात पन्हळी आहेत. सातही तपासायच्या. कधी बसवली, किती गंज, किती सांधे गळतात. वही, खिळा आणि शिडी घेऊन निघाले. लोकांना सांगितलं, पन्हळ साफ करून देते. कोणी नाही म्हटलं नाही. दुसऱ्याची घाण काढायला आलेल्या माणसाला कोण नाही म्हणतं?

पहिल्या तीन जुन्या, दहा-बारा वर्षांपूर्वीच्या. आत तोच चिखल, एकीत उंदराचं पिल्लू फुगून पांढरं झालेलं, पण सांधे असे की खिळ्याचं टोक अडकत नाही. मला शिडीवरच रडू आलं, अभिमानाने.

चौथी शिंपीणकाकूंची. बाबांनी तीन वर्षांपूर्वी नवी केली होती. राखाडी रंग दिलेला. गंज बघायला खिळ्याने खरवडलं, तर राखाडी पापुद्रा निघाला आणि खाली पांढरं. पुन्हा खरवडलं. पांढरंच. बोटाने टिचकी मारली. पत्र्यासारखी खणखणली नाही, थप्प झाली.

प्लास्टिक. वरून पत्र्याच्या रंगाचा हात दिलेला.

पाचवी, तीच तऱ्हा. सहावी, तीच. सातव्या घरच्यांनी तर सांध्यांच्या जागी रंगानेच खोट्या घड्या काढल्या आहेत. म्हणजे बाबांनी अलीकडे केलेली एकही पन्हळ गल्लीत उरलेली नाही. लोकांनी काढून टाकल्या, प्लास्टिकच्या बसवल्या, आणि बाबांच्या तोंडावर रोज हसून नमस्कार करतात.

शिंपीणकाकू मशीनवर होत्या. मी पापुद्रा त्यांच्या मशीनवर ठेवला.

"हे काय आहे?"

त्यांनी पाय थांबवले. "बघितलंस होय."

"तुम्हाला लाज कशी वाटली नाही काकू? ते रोज तुमच्या दारावरून जातात."

"म्हणूनच रंग दिला ना."

"म्हणजे फसवलंत."

"बस," त्या म्हणाल्या. मी बसले नाही. "बरं, उभी राहून ऐक. पहिल्यांदा गळली, मी सांगितलं. भाऊजी आले, सांधा पुन्हा केला. पुन्हा गळली. पुन्हा सांगितलं, पुन्हा आले. तिसऱ्यांदा शिडीवर त्यांनी कथील कुठे टाकलं माहीत आहे? स्वतःच्या अंगठ्यावर. हूं की चूं नाही. खाली उतरून मला म्हणाले, आता नाही गळणार वहिनी. मी काय म्हणायचं होतं?"

मला तो भाजलेला अंगठा आठवला. दोन वर्षांपूर्वीचा, परीक्षेच्या दिवसांतला. मी मलम लावलं होतं आणि म्हटलं होतं, लक्ष कुठे असतं तुमचं?

"तोंडावर सांगायचं होतं," मी म्हटलं.

"तू सांग. तू शिकलीस. मी चौथी पास, माझी जीभ नाही रेटत." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "हे बघ, मला सुई दिसत नाही, मी चष्मा लावते, विषय संपला. त्यांचं चष्म्याने भागण्यातलं राहिलेलं नाही. तुला घरात राहून कळलं नाही, का कळून घेतलं नाहीस?"

मी पापुद्रा उचलला आणि घरी आले. 

१९ तारीख, सोमवार

आईला विचारलं. ती भांडी घासत होती, घासतच राहिली.

"दीड वर्ष झालं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांचं मधलं गेलंय. कडेकडेचं दिसतं. समोर धरलेलं दिसत नाही, बाजूला धरलेलं थोडं दिसतं. आता औषध नाही."

"मला का नाही सांगितलं?"

"तुझं शेवटचं वर्ष होतं."

"नंतर?"

"नंतर सांगितलं असतं तर तू कागद घेऊन बसली असतीस. डोळ्यांचे चार पर्याय. प्रत्येकाचे फायदे-तोटे." तिने तवा पालथा घातला. "तुला माया येते ना, ती आधी यादी करते. त्यांना ते नको होतं."

मी म्हटलं, "मी त्यांना विचारलं, दिसत नाही का."

"ऐकलं मी."

"आई, मी तीन वेळा विचारलं असेल."

"एकदा विचारलंस. पण पुरलं."

मला माझीच शिसारी आली. ही शिसारी धुऊन जाण्यातली नाही. चार बरण्या, भिंग, वही, सात घरांची तपासणी. कप भरताना बोट बुडवणारा माणूस समोर बसलेला, आणि मी लिहिलं 'अस्वच्छ वाटते'. वरची पानं फाडणार होते. फाडली नाहीत. असू देत तशीच.

बरण्या मागे नेऊन ओतल्या. वासाने डोळ्यांत पाणी आलं, ते बरं झालं.

२२ तारीख, गुरुवार

निर्णय घ्यायला हवा, कारण काल रात्रीच्या सरीने काकूंच्या खोलीतलं एक पांढरं कापड करड्या डागांचं झालं. कोणाच्या तरी लग्नाचं होतं. त्यांनी तेही आम्हाला सांगितलं नाही. मला गिऱ्हाइकाच्या ओरडण्यावरून कळलं.

पत्र्याची पन्हळ बसवायची तर ती बाबांनी करायची, आणि ती गळणार. दुसऱ्या कोणाकडून करून घ्यायची तर ते त्यांच्याच घरात त्यांच्या तोंडात मारल्यासारखं. अल्युमिनियम आमच्या ओल्या भिंतीच्या चुन्याला लागणार, चुना ते खाणार. प्लास्टिक. चारही बरण्यांत एकट्या त्यालाच काही झालं नव्हतं, आणि सांधा हाताने दाबला की बसतो. कथील नको, डोळा नको.

म्हणजे जे गल्लीने केलं तेच. आणि पुढचंही तेच केलं. बाजारातल्या त्याच दुकानात गेले आणि निघताना राखाडी रंगाचा लहान डबा घेतला. काडीवाला म्हणाला, "प्लास्टिकला रंग लावता? तुमच्या गल्लीला काय नाद आहे हा?" मी डबा ओढणीखाली धरून आणला, चोरून आणावा तसा. सत्यापुढे कोणाची भीड नको, म्हणणारी मी. तो डबा पलंगाखाली ढकलताना मला हाताची घाण वाटली. पत्रेवाल्याच्या पन्हळ पुसत राहण्यात मला जे ओंगळ दिसलं होतं, तेच मी करत होते. फरक एवढाच की त्याला ते जमतं.

पन्हळीचं बाबांना अजून सांगितलेलं नाही. उद्या सांगेन, म्हणजे खोटं सांगेन.

२४ तारीख, शनिवार

काल धीर झाला नाही. आज सकाळी बाबा ओट्यावर बसले होते. मी शेजारी बसले. मुद्दाम बाजूला, समोर नाही. त्यांनी मान थोडी वळवली आणि बहुतेक मला बघितलं.

"ठरलं का तुझं?" ते म्हणाले.

मी मनात वाक्य जुळवून आले होते. पत्रेवाल्याकडून तयार पन्हळ आणते, पत्र्याचीच, तुम्हाला उगाच त्रास नको. तोंड उघडलं आणि निघालं ते भलतंच.

"प्लास्टिकची."

बाबांनी मोठा श्वास सोडला. "एवढे दिवस लावलेस. मला वाटलं होतं, पहिल्याच दिवशी म्हणशील."

पुढे ते म्हणाले, "फक्त तिला रंग देऊ नकोस. परवापासून घरात वास येतोय. राखाडी आणलास का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"वासावरून कोणता रंग ते नाही कळलं. म्हटलं, सगळ्यांनी तोच दिला, तूही तोच आणणार."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? काकूंचं, सगळ्यांचं?"

"पत्र्याची पन्हळ पावसात वाजते गं. बत्तीस वर्षं मी त्या आवाजात झोपलो. पहिल्यांदा शिंप्यांकडची गप्प झाली. मग पुढची. गेले दोन पावसाळे अर्धी गल्ली मुकी आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? त्या बिचाऱ्यांनी शिडीवर चढून रंग दिला, घड्या काढल्या म्हणे कोणीतरी."

"सातव्या घरी. ब्रशने."

"बरोबर काढल्यात का?"

"उलट्या काढल्यात."

बाबा हसायला लागले. खूप दिवसांनी हसले, खांदे हलवून. मग थांबले आणि म्हणाले, "एवढ्या जणांनी एवढी मेहनत घेतलेली. त्यांना कुठल्या तोंडाने सांगू, मला दिसलं म्हणून."

मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "सांधा वाईटच होता. तू खोटं सांगितलं असतंस तर जास्त लागलं असतं. हे सगळे माझ्याशी इतकं सांभाळून बोलतात की मला आजाऱ्यासारखं वाटतं. एक तू भांडलीस."

हे त्यांनी मला बरं वाटावं म्हणून म्हटलं की खरं होतं, मला सांगता येत नाही. पडताळून बघायचा कुठलाही मार्ग नाही.

२६ तारीख, सोमवार

पन्हळ बसली. पांढरी, प्लास्टिकची, बिनरंगाची. दिसायला हॉस्पिटलातल्या वस्तूसारखी आहे. मला अजिबात आवडत नाही.

जुनी उतरवताना भिंतीचा एक पोपडा माझ्या डोक्यावर आला आणि त्यातून गोमेचं अख्खं कुटुंब. शिडीवर मी होते. पन्हळ धरायचे आकडे मी ठोकले. उतार बाबांनी लावला. दोरी ताणली, तिच्यावर बोट ठेवून चालत गेले, आणि दर आकड्याला सांगत होते, "अर्धं बोट खाली. अजून. बस." माझ्याकडे उतार तपासायची पाणसळ होती. मी प्रत्येक आकड्याला ती लावून बघितली, गुपचूप. एकदाही चुकले नाहीत. शेवटी बादलीभर पाणी ओतलं. ते न थांबता कोपऱ्यातल्या नळातून खाली आलं. भिंत कोरडी.

आवाज ऐकून शिंपीणकाकू दारात आल्या. त्यांनी वर बघितलं. पांढरी पन्हळ, मग बाबा, मग मी. त्यांना वाटलं मी रंग द्यायला विसरले. मला डोळ्यांनी खुणावू लागल्या.

बाबा त्यांच्या दिशेने वळून म्हणाले, "वहिनी, तुमच्या पन्हळीचा रंग सुटायला लागलाय म्हणतात. काढून टाका एकदाचा. प्लास्टिकवर तो धरत नाही."

काकू दाराला धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "कधी कळलं भाऊजी?"

"बसवलीत त्या पावसात."

"आणि मी दोनदा रंगवली हो. कंबर मोडली माझी."

"मग दुसऱ्यांदा कशाला?"

"तुमच्यासाठीच मेलं." आणि त्या आत गेल्या. पाच मिनिटांनी बाहेर आल्या त्या हातात कालथा घेऊन.

आज बाबांनी मला एक पाटी लिहायला सांगितली आहे. पत्र्याचं काम बंद. उतार लावून मिळेल. मी विचारलं, कारण लिहू का? ते म्हणाले, गल्लीला माहीत आहे, बाहेरच्यांना काय करायचंय? अक्षर मोठं काढ म्हणजे झालं, मला कडेने वाचता आलं पाहिजे.

संध्याकाळी चारही घरांच्या शिड्या बाहेर होत्या. कालथे, सुऱ्या, एकाकडे चक्क फणी. गल्लीभर खरवडल्याचा आवाज. दात शिवशिवावेत असा घाणेरडा आवाज. बाबा ओट्यावर बसून ऐकत होते आणि कोणाचं कुठवर आलं ते आईला सांगत होते. गटारात, ओट्यांवर, धुतलेल्या कपड्यांवर, सगळीकडे राखाडी पापुद्रे. ओले झाले की पायाला चिकटतात आणि नखांखाली जातात.

सगळं मीच झाडलं. तीन सुपं भरली.